पीटच्या कुंडीत सामू का हलतो? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला : मातीविना मिश्रणात, म्हणजे पीट मॉस, परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांत वाढवलेल्या झाडांच्या कुंडीचा सामू, म्हणजे पीएच : ७ च्या खाली आंबट, ७ च्या वर अल्कधर्मी. म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे. पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेलं शेवाळ. लॅटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया या बाल्टिक देशांतून त्याच्या गाठी जगभर जातात. मुळात त्याचा सामू ३.५ ते ४.५ इतका आंबट असतो. चुना मिसळून तो ५.५ ते ६.२ वर आणला की झाडं त्यात राहू शकतात. पण आणलेला सामू तिथेच थांबत नाही, आणि खाली आलेल्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : पीट ७ भाग आणि परलाइट ३ भाग असं तयार मिश्रण वापरतो. चुना त्यात आधीच घातलेला असतो. सहा इंची कुंड्यांत पेटुनिया आणि कॅलिब्रॅकोआ ही फुलझाडं आहेत. पहिले चार आठवडे उत्तम गेले, सहाव्या आठवड्यात शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या आहेत. हिराकसाची (लोहाच्या सल्फेटची) फवारणी दोनदा केली, उपयोग नाही. खत कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट). बोअरच्या पाण्याचा सामू ७.८, बायकार्बोनेट लिटरला ३६६ मिलिग्रॅम. चूक कुठे होते आहे?
— रोपवाटिकाचालक, उरुळी कांचन

उत्तर : चूक पाण्यात आहे, आणि तुमच्याच अहवालात ती लिहिलेली आहे. फक्त नजर ७.८ या आकड्यावर गेली. पाण्याचा सामू कुंडीचं फारसं काही ठरवत नाही, बायकार्बोनेट ठरवतं. सामू ७.८ पण बायकार्बोनेट ४० असलेलं पाणी निरुपद्रवी. सामू ७.२ पण बायकार्बोनेट ४०० असलेलं पाणी म्हणजे रोज थोडा थोडा चुना ओतणं.

तुमचाच हिशोब करू. बायकार्बोनेट ३६६ म्हणजे लिटरला ६ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल-अल्काची ताकद मोजायचं एकक). चुन्याच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक लिटर पाण्यात ०.३ ग्रॅम चुनखडीइतकी ताकद. सहा इंची कुंडीत साधारण दीड लिटर मिश्रण बसतं. लिटरला ३ ग्रॅम चुना घातलेला असेल तर कुंडीत सुरुवातीला साडेचार ग्रॅम चुना होता. दिवसाला २०० मिलिलिटर पाणी धरलं तर ४२ दिवसांत ८.४ लिटर पाणी गेलं, म्हणजे अडीच ग्रॅम चुना वरून पडला. मिश्रण बनवणाऱ्याने जेवढा घातला त्याच्या निम्म्याहून जास्त. शिवाय कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ दोन्हीतलं नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळं नायट्रेट. मुळं नायट्रेट घेताना सामू वर ढकलतात. दोन्ही बाजूंनी चढ, उतार कुठेच नाही.

पेटुनिया आणि कॅलिब्रॅकोआ यांना लोह शोषण्याची ताकद कमी. त्यांना ५.४ ते ६.० लागतो. ६.५ च्या पुढे मिश्रणात लोह असूनही ते विरघळत नाही आणि नव्या पानावर हा पिवळेपणा (केवडा) दिसतो. हिराकस फवारला की पानावर जेवढं चिकटलं तेवढ्या जागेला फायदा. पुढचं पान पुन्हा पिवळंच येतं, कारण मुळापाशी काही बदललेलं नसतं.

आधी तातडीचा उपाय. लोहाचं ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग), ज्यात लोह ६ टक्के असतं, लिटरला ०.४ ग्रॅम घेऊन कुंडीत ओता. तळातून थोडं बाहेर येईपर्यंत. द्रावण गडद लाल दिसतं, पानांवर उडालं तर लगेच साध्या पाण्याने धुवा, नाहीतर डाग राहतात. चिलेट घेताना पिशवी नीट वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही, डीटीपीए ७ च्या थोडं पुढेपर्यंत, ईडीडीएचए मात्र ९ पर्यंत. स्वस्त मिळतं म्हणून ईडीटीए आणाल तर तुमच्या कुंडीत ते वाया जाईल. आठ-दहा दिवसांत शेंडा हिरवा यायला हवा.

आता कायमचा उपाय, पाण्याला आम्ल. ६ मिलिइक्विव्हॅलंटपैकी १.६ शिल्लक ठेवायचे, ४.४ मारायचे, म्हणजे आम्लाने निकामी करायचे. एक मिलिइक्विव्हॅलंट मारायला १००० लिटरला ६० टक्क्यांचं नायट्रिक आम्ल सुमारे ७७ मिलिलिटर, ८५ टक्क्यांचं फॉस्फरिक ६८ मिलिलिटर आणि ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक २७ मिलिलिटर लागतं. सगळं काम फॉस्फरिकवर टाकू नका. ४.४ साठी ३०० मिलिलिटर लागेल आणि पाण्यात लिटरला १३६ मिलिग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) जाईल, गरजेच्या कितीतरी पट. आमच्या मते तुम्हाला जोडी बरी : फॉस्फरिक ४८ मिलिलिटर आणि नायट्रिक २८५ मिलिलिटर, १००० लिटरला. त्यातून स्फुरद लिटरला सुमारे २२ आणि नत्र सुमारे ५२ मिलिग्रॅम मिळतं. तेवढं खतातून कमी करा, नाहीतर ईसी (पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं माप) चढेल.

टाकीत ओतण्याआधी २० लिटरच्या बादलीत करून पाहा. सिरिंजने नायट्रिक ५.७ आणि फॉस्फरिक १ मिलिलिटर. ढवळून दहा मिनिटांनी सामू ५.८ ते ६ दाखवायला हवा. आम्ल नेहमी पाण्यात सोडायचं, आम्लात पाणी कधीच नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, भांडं प्लास्टिकचं, वारा मोकळा. फॉस्फरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल आणि कॅल्शियम नायट्रेट यांची घट्ट द्रावणं एका टाकीत नकोत, तळाला पांढरा गाळ बसून ड्रिपर बंद होतात.

इथे एक गोष्ट हमखास घडते. संध्याकाळी टाकी ५.९ वर आणून ठेवली, सकाळी मीटर साडेसातच्या वर दाखवतो. मग माणूस घाबरून पुन्हा आम्ल घालतो. घालू नका. आम्ल घातल्यावर पाण्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो रात्रभरात उडून जातो आणि सामू वर सरकतो. मारलेलं बायकार्बोनेट मात्र परत येत नाही. दुसऱ्यांदा घातलेलं आम्ल हे शिल्लक ठेवलेले १.६ खातं, आणि मग तीन आठवड्यांनी कुंडीचा सामू कोसळतो.

लिंबूफूल किंवा व्हिनेगर वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. एखाद्या दिवसापुरता सामू उतरतो. पण ही सेंद्रिय आम्लं मिश्रणातले जिवाणू खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट पुन्हा तयार होतं. रोपवाटिकेसाठी तो मार्ग नाही.

प्रश्न : तयार पीट मिश्रणात आफ्रिकन झेंडू लावला आहे. खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी बारीक ठिपके, कडा वाळतात. करपा समजून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक दोनदा मारलं, वाढतच आहे. पाणी विहिरीचं, एकदम गोड, बायकार्बोनेट २४. दर आठवड्याला १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम देतो.
— फोंडा, गोवा

उत्तर : उरुळीच्या बरोबर उलटा प्रकार. जांभ्याच्या भागातल्या विहिरीच्या पाण्यात क्षार नसतातच म्हणायला हरकत नाही. म्हणजे वरून चुना येत नाही. आणि १९:१९:१९ मधलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियम रूपात असतं. त्याचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं. मिश्रणातला चुना संपला की सामू सरळ खाली जातो.

झेंडूचा स्वभाव पेटुनियाच्या उलट आहे, तो लोह भराभर ओढतो. सामू ६ च्या खाली गेला की लोह आणि मँगनीज गरजेपेक्षा जास्त विरघळतं, खालच्या पानांत साठतं आणि तांब्याच्या रंगाचे ठिपके पडतात. करपा आणि हे ओळखायचं कसं? भिंग घेऊन पान दोन्ही बाजूंनी बघा. करप्याचा ठिपका सहसा मोठा होत जातो, एकमेकांत मिसळतो. कोळी (रस शोषणारी बारीक कीड) असेल तर पानामागे जाळी आणि हलणारे ठिपके दिसतात. इथे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे, सगळ्या कुंड्यांत सारखे आणि आधी खालच्या पानांवर. आणि मॅन्कोझेब ताबडतोब थांबवा. त्यात मँगनीज असतं, जे झाडाला आधीच जास्त झालं आहे तेच तुम्ही फवारत होता.

आधी मोजा (पद्धत पुढच्या उत्तरात आहे). ५.४ च्या वर असेल तर खत बदललं तरी पुरेसं आहे : १९:१९:१९ आणि सूक्ष्मद्रव्यं बंद, त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम आणि १३:००:४५ अर्धा ग्रॅम प्रति लिटर. सामू हळूहळू चढेल.

५.२ च्या खाली असेल तर वाट पाहू नका. पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला १.२ ग्रॅम, पानांना न लावता मिश्रणावर, तळातून थोडं गळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅमच्या पाण्याने भरपूर धुवा, कारण पालाश (पोटॅशियम) जास्त साठतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम अडवतो. तिसऱ्या दिवशी मोजा. कमी पडलं तर आठवड्याने पुन्हा. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा वापरू नका, तो सोडियमचा आहे आणि सोडियम कुंडीत राहून मुळं जाळतो.

पोटॅशियम बायकार्बोनेट मिळत नसेल तर विरलेला चुना : २ ग्रॅम प्रति लिटर, ढवळून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरची नितळ निवळी तेवढी ओता. तळाचा गाळ नको. ही निवळी फार तीव्र असते, हाताला आणि डोळ्याला जपा. आणि आदल्या दिवशी कुंडी साध्या पाण्याने धुऊन घ्या. मिश्रणात अमोनियम शिल्लक असताना चुन्याची निवळी पडली तर अमोनिया वायू सुटून मुळांना इजा होते. जळलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, नव्या पानांवर लक्ष ठेवा.

पुढे गोड्या पाण्यासाठी खताची पाळी ठेवा : एक आठवडा १९:१९:१९, पुढचा आठवडा कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५.

प्रश्न : सामू मोजायचं पेन घेतलं आहे, पण रोज वेगळा आकडा येतो. कुंडीत खुपसायची धातूची सळईही आणली, ती कायम ७ दाखवते.
— नाशिक

उत्तर : सळई बाजूला ठेवा. पीटसारख्या भुसभुशीत मिश्रणात तिच्या आकड्याला अर्थ नाही.

पेनाची काळजी आधी. वापरण्याच्या दिवशी ७.० आणि मग ४.० च्या बफरमध्ये (सामू ठरलेल्या द्रावणात) जुळवून घ्या. बफर एकदा वापरला की बाटलीत परत ओतायचा नाही. पेनाचं टोक कोरडं ठेवू नका, आणि डिस्टिल्ड पाण्यातही नाही. पोटॅशियम क्लोराइडचं साठवणुकीचं द्रावण मिळतं, टोपणात त्याचे चार थेंब. ७ चा बफर दाखवायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर टोक संपत आलं आहे.

कुंडीसाठी तळातून गळणारं पाणी मोजायची पद्धत सगळ्यांत सोपी. नेहमीसारखं पूर्ण पाणी द्या, खताचं पाणी देत असाल तर तेच. अर्धा ते एक तास थांबा. कुंडीखाली स्वच्छ बशी ठेवा. वरून डिस्टिल्ड पाणी गोल फिरवत ओता, सहा इंची कुंडीला ७५ मिलिलिटर पुरे. खाली सुमारे ५० मिलिलिटर गळेल, त्यात पेन बुडवा. १०० पेक्षा जास्त गळलं तर ओतलेल्या पाण्यानेच नमुना पातळ झाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी इथे चालतं, फक्त आधी ईसी मीटरने बघा, आकडा शून्याजवळ हवा. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा सामू मात्र मोजत बसू नका, त्यात क्षार नसल्याने आकडा भटकतो.

पिशवीतलं कोरं मिश्रण तपासायचं असेल तर एक वाटी मिश्रण, दोन वाट्या डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास, मग मोजा. प्रो ट्रेला (रोपांच्या कप्प्यांच्या ट्रेला) पाणी देऊन तासाभराने चार-पाच कप्प्यांचा वरचा भाग बोटाने दाबा, खाली येणारे थेंब गोळा करा.

एका कुंडीवर निर्णय घेऊ नका, पाच-सहा घ्या. आणि एकच पद्धत धरून राहा, पद्धती बदलल्या की आकडेही थोडे बदलतात. एकाच पद्धतीने दर आठवड्याला लिहिलेली वही तुम्हाला सामू कुठे चालला आहे ते दोन आठवडे आधी सांगते, पानं सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रश्न : कोरं पीट आणून स्वतः मिश्रण करतो. ३०० लिटरच्या गाठीला १ किलो चुना घातला, तीन दिवसांनी सामू ४.३ च. दुकानदाराने पांढरी पावडर दिली होती. चुना किती घालायचा?
— सांगली

उत्तर : पहिली शंका पावडरीवर. चमचाभर पावडर बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. चुनखडी असेल तर लगेच फसफसेल, डोलोमाइट सावकाश बुडबुडे देईल, जिप्सम ढिम्म राहील. जिप्सममध्ये कॅल्शियम आहे, गंधक आहे, पण ते सामू बदलत नाही, वरही नाही आणि खालीही नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

दुसरं, माप. गाठ दाबलेली असते. मोकळी केली की दीडपट ते दुप्पट होते. चुना मोकळ्या झालेल्या मापावर घालायचा. ५०० लिटर झालं असेल तर तुमचा १ किलो म्हणजे लिटरला फक्त २ ग्रॅम. कोऱ्या पीटला ३ ते ५ ग्रॅम लागतो.

तिसरं, ओलावा आणि वेळ. कोरड्या पीटमध्ये चुना नुसता पडून राहतो. मुठीत घट्ट दाबलं की बोटांतून एक-दोन थेंब यावेत इतकं ओलं करा. कोरडं पीट पाणी झिडकारतं, म्हणून कोमट पाणी थोडं थोडं शिंपडत उलथत राहा. पूर्ण परिणामाला एक ते दोन आठवडे लागतात. तीन दिवसांनी मोजून आणखी चुना घालणारे पुढे सामू ७ वर नेऊन ठेवतात.

पावडर किती बारीक आहे तेही बोटांत चोळून पाहा. मैद्यासारखी लागली तर काम करेल, रव्यासारखी लागली तर महिनोनमहिने तशीच राहील. कळीचा चुना नको, तो पाणी लागताच उकळतो आणि सामू एकदम वर फेकतो. डोलोमाइट घेतलं तर मॅग्नेशियमही मिळतं, आमची पसंती त्यालाच.

प्रत्येक नव्या गाठीला ही चाचणी करा : पाच पिशव्या, प्रत्येकीत १० लिटर ओलं पीट, डोलोमाइट अनुक्रमे ०, २०, ३०, ४०, ५० ग्रॅम. तोंड सैल बांधून सावलीत ठेवा. सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजा. जी पिशवी ५.८ च्या जवळ आली तिचं प्रमाण घ्या. पाणी जड असेल तर ५.५ वाली घ्या, बाकीचं पाणीच भरून काढतं.

प्रश्न : पीट महाग पडतं म्हणून निम्मं कोकोपीट मिसळते. चुना तेवढाच का?
— सातारा

उत्तर : नाही. कोकोपीटचा सामू मुळातच साधारण ५.५ ते ६.८ असतो, त्याला चुना लागत नाही. चुना फक्त पीटच्या वाट्याचा. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला लिटरमागे १.५ ते २ ग्रॅमपासून सुरुवात करून वरचीच पिशव्यांची चाचणी करा. कोकोपीटची अडचण वेगळी, त्यात पालाश आणि सोडियम जास्त असतं. कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅमच्या पाण्यात एक रात्र भिजवा, मग निथळणाऱ्या पाण्याची ईसी ०.५ च्या आसपास येईपर्यंत धुवा. हे टाळलं तर नंतर दिसणारी पिवळी पानं सामूची की कॅल्शियमच्या कमतरतेची, ते कळणं अवघड होतं.

प्रश्न : लंडनमध्ये खिडकीशी कढीपत्त्याची कुंडी आहे, पीटचं तयार मिश्रण. दोन वर्षं झाली, नवी पानं फिकट पिवळी येतात. आई सांगते आंबट ताक घाल. घालू का?

उत्तर : दारच्या मातीतल्या कढीपत्त्याला ताक घालणं जुनं आहे आणि तिथे त्याने बिघडत नाही. कुंडीत मात्र उपयोग होणार नाही. ताकातलं आम्ल जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात, सामू पुन्हा जागेवर येतो. मागे राहतो तो वास आणि घरभर चिलटं.

तुमच्या किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना? तोच कुंडीतही बसतो आहे. लंडनचं नळाचं पाणी खडूच्या खडकांतून झिरपून आलेलं, चांगलंच जड. एका कुंडीसाठी आम्लाच्या बाटल्या आणायची गरज नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर निम्मं ते, निम्मं नळाचं. नुसतं पावसाचं दिलं तर वर्षभराने फोंड्यासारखं होईल. ते जमत नसेल तर पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, पूर्ण गार करा, तळाचा पांढरा साका सोडून वरचं घ्या. बायकार्बोनेट बरंच उतरतं. घरात पाणी मऊ करायचं यंत्र असेल तर त्याचं पाणी झाडाला नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

मे ते ऑगस्टमध्ये ईडीडीएचए लोह लिटरला ०.४ ग्रॅम एकदा ओता, आणि आम्लप्रिय झाडांसाठी मिळणारं खत पिशवीवरच्या निम्म्या मात्रेने द्या. हिवाळ्यात यातलं काही करू नका. थंड काचेशी असलेली मुळं गारठली की लोह असूनही उचलत नाहीत आणि पान पिवळं पडतं, गळतं. तेव्हा कुंडी खिडकीपासून आत घ्या, पाणी कमी करा आणि मार्चअखेर नवा फुटवा आला की सामू मोजा. ६.८ च्या वर आला तर मिश्रणच बदला. दोन वर्षांत पीट बसून गच्च झालेलं असतं, मुळांना हवाही हवीच आहे. नव्या मिश्रणात चौथा हिस्सा परलाइट घाला.